ज्योतींतील कणांचा हिशेब

देवापुढील समईच्या ज्योतीवर क्षणभर थंड वाटी धरली, तर वाटीच्या बुडाशीं काळा, मऊ, बोटाला चिकटणारा थर जमतो. हा थर तुपांत कालवला कीं डोळ्यांत घालावयाचें काजळ होतें. डिंकाच्या पाण्यांत खलला कीं पोथ्या लिहावयाची शाई होते. चीन आणि इजिप्त या देशांतही काजळीची शाई फार प्राचीन आहे. म्हणजे ज्योतींतून अतिसूक्ष्म कण काढून घेण्याची विद्या मनुष्याला हजारों वर्षें अवगत होती. परंतु तो कण ज्योतींत कसा जन्मतो, कसा वाढतो आणि कोठें थांबतो, हें कळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. आणि ज्योत पेटविण्यापूर्वींच तिच्यांतून निघणाऱ्या कणांचें माप गणितानें सांगण्याची हिंमत त्या शतकाच्या उत्तरार्धांत आली. त्या गणिताचा इतिहास काजळीइतकाच साध्या ठिकाणीं सुरू होतो.

प्रथम मापाची कल्पना हवी. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले म्हणजे त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या डोक्याचा केस सुमारें ऐशीं हजार नॅनोमीटर जाड असतो. ज्योतींत तयार होणारा एकेरी कण बहुधा पांचपासून पन्नास नॅनोमीटरांपर्यंतचा असतो. पदार्थ इतका बारीक झाला कीं त्याचा पृष्ठभाग अतोनात वाढतो. बारा नॅनोमीटर व्यासाच्या सिलिकाकणांचें एक ग्रॅम चूर्ण घेतलें, तर त्यांतील सर्व कणांच्या पृष्ठभागाची बेरीज सुमारें दोनशें चौरस मीटर भरते. कणांचा व्यास दुप्पट झाला कीं तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग निम्म्यावर येतो. टायरच्या रबराला बळकटी देणें, रंगाला दाटपणा आणणें, एखादी रासायनिक क्रिया जलद घडविणें, हीं सर्व कामें पृष्ठभागाचीं असल्यामुळें कणाचें माप हेंच मालाचें मोल ठरतें.

ज्योतीच्या पिवळ्या प्रकाशाचें कारण प्रथम सर हंफ्री डेव्ही यानें सांगितलें. कोळशाच्या खाणींतील स्फोट टाळण्यासाठीं १८१५ सालीं त्यानें सुरक्षित दिवा सिद्ध केला आणि पुढील दोन वर्षांत ज्योतीवर अनेक प्रयोग केले. ज्योतींत कोळशाचे घन कण निर्माण होऊन तापतात आणि तेच प्रकाश देतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचा शिष्य मायकेल फॅरडे यानें १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं मेणबत्तीच्या रसायनावर व्याख्यानें दिलीं. वाकविलेली कांचेची नळी ज्योतीच्या मध्यभागीं धरून त्यानें मेणाची वाफ बाहेर काढून दाखविली, आणि तीच नळी जरा वर, उजळ भागांत, नेतांच तिच्यांतून काळा धूर निघाला. प्रकाश आणि काजळी हीं एकाच वस्तूचीं दोन रूपें होत, हें त्या मुलांना डोळ्यांनीं दिसलें.

फॅरडेच्या दुसऱ्या एका प्रयोगानें या कथेला अनपेक्षित वळण दिलें. १८५७ सालीं त्यानें पाण्यांत सोन्याचे इतके सूक्ष्म कण तरंगत ठेविले होते कीं पाणी माणकासारखें लाल दिसे. या तांबड्या पाण्यांत थोडें मीठ टाकलें कीं कण एकमेकांस चिकटूं लागतात आणि रंग निळसर होतो. पुढें जर्मनींत गटिंगेन येथें रिचर्ड झिगमाँडी हा याच सुवर्णजलाचा अभ्यास करीत होता. कण किती वेगानें चिकटतात याचीं मोजमापें त्याच्यापाशीं होतीं. त्यांमागील नियम त्याला हवा होता. हा प्रश्न त्यानें पोलंडमधील क्राकोव येथील प्राध्यापक मारियान स्मोलुखोव्स्की याच्यापुढें ठेवला.

स्मोलुखोव्स्की हा या प्रश्नाला जणूं जन्मतःच सिद्ध होता. द्रवांतील सूक्ष्म कण सतत इकडेतिकडे कां भटकतात याचें गणित आइन्स्टाइननें १९०५ सालीं व स्मोलुखोव्स्कीनें १९०६ सालीं, स्वतंत्र मार्गांनीं, मांडलें होतें. आतां त्यानें विचार केला तो असा. प्रत्येक कण आंधळ्यासारखा भटकतो; दोन कण भेटले कीं चिकटतात; भेटींची संख्या दोन्ही बाजूंच्या कणांच्या संख्येवर अवलंबून असते. म्हणून कणांची संख्या घटण्याचा वेग हा संख्येच्या वर्गाच्या प्रमाणांत असला पाहिजे. कण दसपट असतील तर भेटी शंभरपट. दोन एकेरी कणांपासून दुहेरी, दुहेरी व एकेरीपासून तिहेरी, अशी प्रत्येक मापाच्या कणांची जमा आणि खर्च लिहिणारी समीकरणांची माळ त्यानें १९१६ व १९१७ सालीं प्रसिद्ध केली. महायुद्ध चालू होतें. १९१७ सालीं क्राकोवच्या विद्यापीठानें त्याची कुलगुरुपदीं निवड केली. पण त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आमांशाच्या सांथींत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, तो मरण पावला. आपलीं समीकरणें कोठवर जाणार आहेत हें पाहण्यास तो उरला नाहीं.

त्या समीकरणांचें सामर्थ्य थोड्या आंकड्यांवरून ध्यानांत येईल. एका घनसेंटिमीटर हवेंत दहा हजार कण असतील, तर परस्परांच्या भेटींनीं त्यांची संख्या निम्मी होण्यास सुमारें पंचावन्न तास लागतात. दहा लाख असतील तर अर्धा तास. परंतु एक लाख कोटि कण असतील, तर तेंच काम एका सेकंदाच्या पांचशेंव्या भागांत होतें. ज्योतींत कण जन्मतात ते याहूनही दाटीनें. म्हणून ज्योतींतील कणाचें सारें बालपण आणि तारुण्य डोळ्याची पापणी लवण्याच्या आंत संपतें; आणि धूर एकदां हवेंत पसरला कीं वाढ जवळजवळ थांबते. धुरालाही हाच नियम लागू पडतो, हें इंग्लंडमध्यें व्हिटलॉ-ग्रे व पॅटरसन यांनीं प्रयोगांनीं सिद्ध करून १९३२ सालीं धुरावरील आपल्या ग्रंथांत मांडलें.

इकडे कारखाने गणिताची वाट पाहत थांबले नव्हते. टायरच्या रबरांत काजळी मिसळली असतां तें कितीतरी अधिक टिकतें, हें विसाव्या शतकाच्या आरंभींच कळलें होतें, आणि ज्योतींतील काजळी हा मोठा उद्योग बनला. १९४२ सालीं जर्मनींतील देगुसा या कंपनींतील रसायनज्ञ हॅरी क्लोप्फर यानें काजळीला पांढरा पर्याय शोधतांना सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजनच्या ज्योतींत जाळली, आणि बर्फासारखें हलकें सिलिकाचें चूर्ण हातीं आलें. अमेरिकेंत टिटॅनियम टेट्राक्लोराइडपासून ज्योतींत पांढरें रंगद्रव्य करण्याची रीत १९५० नंतरच्या दशकांत कारखान्यांत रुळली. १९७० सालीं कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक व शुल्ट्झ या तिघांनीं ज्योतींत तयार झालेल्या अतिशुद्ध सिलिकेच्या काजळीपासून असा कांचतंतु काढला कीं त्यांतून प्रकाश दूरवर जाऊं शकला. आजचें दूरध्वनीचें व संदेशांचें जाळें त्या तंतूचें ऋणी आहे. तरीही या सर्व उद्योगांत ज्योतीची तोटी, वायूंचें प्रमाण आणि उष्णता हीं अनुभवानें व अजमासानेंच ठरत. लहान ज्योतींत साधलेलें चूर्ण मोठ्या भट्टींत तसेंच उतरेल याची खात्री नसे. विषारी व दाहक वाफा जाळून पुनःपुन्हां प्रयोग करावयाचे, म्हणजे खर्च आणि धोका दोन्ही आलेच.

१९७१ सालीं अमेरिकेंतील गेल उल्रिच यांनीं ज्योतींतील ऑक्साइडच्या कणांना स्मोलुखोव्स्कीचें गणित लावलें. त्यांचें म्हणणें असें कीं, रासायनिक क्रिया इतकी त्वरित होते आणि तयार झालेला ऑक्साइड इतका स्थिर असतो कीं त्याचा एकेक रेणु हाच पहिला कण समजावा. पुढचा सारा इतिहास टकरींचा. विचार बिनतोड दिसत होता, पण हिशेब जुळेना. प्रत्येक टकरीनंतर दोन कण मिळून एक मोठा गोल कण होतो असें धरलें, तर कण प्रत्यक्षाहून फार मोठे यावयास हवे होते. सूक्ष्मदर्शकाखालीं दिसत होते ते लहान लहान गोळे, द्राक्षांच्या घोसासारखे एकमेकांना लगडलेले. १९७७ सालीं उल्रिच व सुब्रमण्यम यांनीं या कोड्याचें उत्तर दिलें. भेट होणें आणि एकजीव होणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेट तत्काळ होते. परंतु दोन कणांचा पदार्थ वितळून एकमेकांत मुरण्यास वेळ लागतो, आणि गोळ्याचें माप ठरतें तें या दुसऱ्या, संथ क्रियेनें.

हा मुरण्याचा काळ उष्णतेवर तर अवलंबून असतोच, पण कणाच्या मापावर त्याहूनही विलक्षण रीतीनें अवलंबून असतो. कोबाता व त्यांचे सहकारी यांनीं १९९१ सालीं टिटॅनियम ऑक्साइडसाठीं जें सूत्र दिलें, त्यांत हा काळ व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत आहे. व्यास दुप्पट झाला कीं एकजीव होण्यास सोळापट वेळ. त्यामुळें लहान कण भेटतांच विरघळून एक होतात, आणि वाढतां वाढतां एका ठराविक मापाला पोंचले कीं तेथेंच अडतात. त्यानंतरच्या भेटींतून घोस होतो, गोळा वाढत नाहीं. सिलिकेचें वर्तन निराळें. ती घट्ट मधासारखी वाहते, आणि तिचा काळ व्यासाच्या केवळ पहिल्या घाताप्रमाणें वाढतो. एकाच ज्योतींत दोन पदार्थांचे कण वेगळे कां निघतात, याचें कारण या साध्या फरकांत होतें.

घोसांचा आकारही गणिताच्या कक्षेंत आला. १९७९ सालीं फॉरेस्ट व विटन यांनीं धुराच्या कणांचीं छायाचित्रें मोजून त्या विस्कटलेल्या रचनेंतही नियम असल्याचें दाखविलें. १९८३ सालीं पॉल मीकिन यांनीं, आणि फ्रान्समधील कोल्ब, बोते व ज्युलियाँ यांनीं, गणकयंत्राच्या आंत कणांना भटकूं देऊन, भेटतील तेथें चिकटवून, तसेच घोस कृत्रिम रीतीनें वाढविले. भरीव गोळ्याचा व्यास दुप्पट केला कीं त्यांत आठपट पदार्थ मावतो. या घोसांचा दुप्पट केला कीं साडेतीनपटच. त्यांच्या पोटांत पोकळीच अधिक असते. म्हणूनच सिलिकेचें चूर्ण पिशवीभर घेतलें तरी हाताला वजन लागत नाहीं.

नियम असे एकेक करून सांपडले. पण ते सर्व एकत्र सोडविणें मनुष्याच्या हाताबाहेरचें होतें. पन्नास नॅनोमीटरच्या टिटॅनियम ऑक्साइडच्या एका गोळ्यांत त्या संयुगाचीं सुमारें वीस लाख एककें असतात. एका एककापासून वीस लाखांपर्यंत प्रत्येक मापाच्या कणांसाठीं एक समीकरण लिहावयाचें झाल्यास वीस लाख समीकरणें, आणि तींही ज्योतीच्या प्रत्येक बिंदूसाठीं वेगळीं. अत्यंत वेगवान संगणकही येथें थकेल. १९८० सालीं गेल्बार्ड, तांबूर व साइनफेल्ड यांनीं यावर जी तोड काढली, तिची कल्पना बुद्धिबळाच्या पटावर दाणे मांडण्याच्या जुन्या गोष्टींत आहे. प्रत्येक घरांत मागील घराच्या दुप्पट माप ठेवीत गेलें, तर एकविसाव्या पायरीला वीस लाखांचा पल्ला ओलांडला जातो. कणांची विभागणी अशा दुणावत्या कप्प्यांत केली कीं वीस लाख समीकरणांचें काम वीसबावीस समीकरणांत भागतें.

दुसरा मार्ग शिरगणतीचा होता. गांवांतील प्रत्येक माणसाचें वय न लिहितां एकूण माणसें, वयांची बेरीज आणि वयांतील तफावत एवढेंच लिहून ठेवावें, त्याप्रमाणें कणांची संख्या, एकूण घनफळ आणि विस्तार यांचाच हिशेब ठेवावयाचा. हल्बर्ट व कॅट्झ यांनीं १९६४ सालीं सुचविलेली ही पद्धति सोतिरिस प्राट्सिनिस यांनीं १९८८ सालीं कणनिर्मितीच्या भट्ट्यांसाठीं नीट बसविली. ती चालण्याचें एक कारण फ्रीडलँडर व वांग यांनीं १९६६ सालींच दाखवून दिलें होतें. आरंभीं कणांचा समुदाय कसाही असो, केवळ टकरींनीं वाढतां वाढतां त्याच्या मापांच्या वाटणीला एकच ठराविक घाट येतो. या शोधाला व्यवहारांत दुसरी, जरा कटु, बाजूही होती: टकरींनीं वाढलेले कण तंतोतंत एकसारखे कधींच निघणार नाहींत, मग कारागीर कितीही कुशल असो.

रसायनाची बाजू याच सुमारास पुरी होत होती. टिटॅनियम टेट्राक्लोराइडचें ज्वलन किती वेगानें होतें याचें मोजमाप १९९० सालीं प्राट्सिनिस, बाई, विश्वास, फ्रेंकलाख व मास्ट्रांजेलो यांनीं प्रसिद्ध केलें. यांतील प्रतिम विश्वास हे मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे १९८० चे पदवीधर. कोळशाच्या काजळीचें रसायन मात्र फार गुंतागुंतीचें निघालें. तेथें एकेक कर्बवलय जोडीत पातळ पापुद्रे वाढत जातात. त्या वाढीचें सविस्तर गणित मायकेल फ्रेंकलाख व हाय वांग यांनीं १९९१ च्या सुमारास उभें केलें. त्या पापुद्र्यांपासून पहिला घन कण नेमका कोणत्या क्षणीं व कसा होतो, याविषयीं शास्त्रज्ञांत आजही एकमत नाहीं.

उरली ती ज्योत स्वतः. ज्योत ही बंद पेटी नसून वाहता, वळसे घेणारा प्रवाह आहे. कडेनें जाणारा कण लवकर थंड होतो, मधून जाणारा उशिरा. आणि दोघांचें नशीब त्यामुळें वेगळें. वायूंच्या प्रवाहाचें गणित संगणकावर करण्याची कला विमानांच्या व यंत्रांच्या आखणींत आधींच वाढली होती. डेन्मार्कमधील योहानेसेन व लिव्हबेर्ग यांनीं प्राट्सिनिस यांच्यासह २००० सालीं ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या ज्योतीसाठीं हीं दोन गणितें एकत्र जोडलीं. संगणक प्रथम ज्योतींतील वेग व उष्णता ठरवी. मग त्या वाटांनीं जाणाऱ्या कणांच्या भेटी व मुरणें यांचा हिशेब करी. स्मोलुखोव्स्कीनें सुवर्णजलासाठीं मांडलेला जमाखर्च आतां ज्योतीच्या सर्व अंगोपांगांत खेळूं लागला.

गणित खरें कीं खोटें याचा निवाडा शेवटीं प्रयोगच करतो. १९८७ सालीं डॉबिन्स व मेगारिडिस यांनीं ज्योतींत एक इवलीशी थंड जाळी सेकंदाच्या अत्यल्प भागापुरती घुसवून कण टिपण्याची रीत प्रचारांत आणली. उष्ण वायूंतील कण थंड पृष्ठभागाकडे आपोआप ढकलले जातात, हें तिचें तत्त्व. समईवर धरलेल्या वाटीला काजळी चिकटते तीही याच तत्त्वानें. पुढें फ्रान्समधील ग्रनोबल येथील प्रचंड यंत्रांतून निघणारे क्ष-किरण ज्योतींतून आरपार सोडून, ज्योतीला न विसकटतां, कणांची वाढ उंचीगणिक मोजण्यांत आली. २००४ सालीं ब्यूकेज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें काम प्रसिद्ध केलें. गणित आणि मोजमाप हीं तेव्हांपासून एकमेकांचा कान धरीत पुढें जात आहेत.

या सर्व खटाटोपाचें मोल केवळ कारखान्याच्या नफ्यांत मोजतां येणार नाहीं. धुराड्यांतील काजळीनें झाडूवाल्या पोरांना कर्करोग होतो, हें लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें १७७५ सालींच सांगून ठेवलें होतें. श्वासाबरोबर आंत गेलेले सुमारें वीस नॅनोमीटरचे कण फुप्फुसांच्या अगदीं शेवटच्या पिशव्यांत मोठ्या प्रमाणांत बसतात, हें आज ठाऊक आहे. लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें २००६ सालीं कारखान्यांतील काजळी व टिटॅनियम डायऑक्साइड या दोहोंचें चूर्ण श्वासावाटे कर्करोगास कारण होण्याचा संभव आहे, अशा वर्गांत घातलें. म्हणजे ज्या मापामुळें कण उपयोगी पडतो, त्याच मापामुळें तो घातकही ठरूं शकतो. चुलीचा धूर, मोटारीचा धूर आणि भट्टींतील मौल्यवान चूर्ण यांना एकच समीकरण लागू आहे. एकीकडे तें कण हवा तसा घडविण्यासाठीं, आणि दुसरीकडे तो मुळींच होऊं नये म्हणून सोडवावें लागतें.

स्मोलुखोव्स्कीला हा सारा विस्तार स्वप्नांतही दिसला नसेल. त्यानें एका सहकाऱ्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलें. त्या उत्तराला ज्योतीपर्यंत पोंचण्यास अर्धें शतक लागलें, आणि संगणकाची जोड मिळून तें ज्योतीच्या अंतरंगांत शिरण्यास आणखी तीस वर्षें. समईची ज्योत पूर्वीं जळत होती तशीच आजही जळते, आणि वाटीला काजळीही पूर्वींसारखीच धरते. त्या काळ्या थराच्या एकेका कणाचें वय आणि वंशावळ मात्र आतां बऱ्याच अंशीं सांगतां येते. ज्योतीच्या उजेडांत मनुष्यानें शतकानुशतकें ग्रंथ वाचले. ती ज्योतच वाचावयास तो शिकला आहे, आणि तिच्यांतील कांहीं ओळी अद्याप त्याला लागावयाच्या आहेत.